डाव्या बटणातली पाचर

१

पाचर माझ्या टेबलावर आली तेव्हा सोमवारचे साडेदहा वाजले होते, आणि बुधवारी सकाळी मला निकाल द्यायचा होता. एक खाकी लिफाफा, त्यावर लाखेचा ठिपका, आत बोटाच्या पेराएवढी कागदाची घट्ट घडी. पांढरा जाड कागद, वरून शिलाईचा दोरा करकचून गुंडाळलेला. या एवढ्याशा वस्तूने एका घराच्या तोंडचं पाणी पळवलं होतं.

कामावर जखमी झालेल्या माणसांच्या भरपाईची चौकशी मी करते. चोवीस वर्षं करते आहे. त्यामुळे माझा स्वभाव थोडा तिरसट झालाय असं घरचे म्हणतात. थोडा कुठला, चांगलाच झालाय.

प्रकरण बाइंडिंगच्या कारखान्यातलं होतं. तिथे कागदाच्या थप्प्या कापायचं मोठं मशीन आहे. त्याला समोर दोन बटणं, एक डावीकडे, एक उजवीकडे, मध्ये दोन हातांचं अंतर. दोन्ही एकाच वेळी दाबली तरच पातं खाली येतं. म्हणजे पातं पडताना माणसाचे दोन्ही हात बटणांवर असतात, पात्याखाली नसतात. साधी, शहाणी सोय. तरी आधीच्या मंगळवारी सकाळी पावणेअकराला पातं पडलं आणि मशीन चालवणाऱ्या कटरच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली.

गुरुवारी मालक, मिस्त्री आणि विमा कंपनीचा माणूस यांनी मशीन तपासलं. डाव्या बटणात ही पाचर ठोकलेली सापडली. पाचरीने बटण कायमचं दाबलेलं राहतं, मग एका हाताने काम उरकतं. आणि आमचा नियम स्पष्ट आहे: कामगाराने सुरक्षेचं साधन जाणूनबुजून निकामी केलं असेल, तर भरपाई नाही. एक दमडीही नाही.

"बाई, पाचर आहे ना फायलीत? मग झालं की," आमचे साहेब म्हणाले. "सही करा आणि मोकळ्या व्हा."

"पाचर फायलीत आहे साहेब. ती बटणात कोणी घातली ते फायलीत नाही."

"त्यानेच! दुसरा कोण कशाला घालेल?"

प्रश्न त्यांनी सहज फेकला होता. मी मात्र तो उचलून पिशवीत टाकला आणि निघाले.

२

कटरचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत तो उशीवर हात ठेवून बसला होता. पस्तिशीचा, काटक, बोलताना नजर सारखी बँडेजकडे जाणारा. त्याची बायको मागच्या मोरीत कपडे घासत होती. हात पुसत आली, मला खुर्ची दिली आणि दाराशी उभी राहिली.

"पाचर तुमची?" मी आडवळण घेतलं नाही.

"आईशप्पथ नाही, मॅडम. बारा वर्षं पात्यासमोर उभा आहे. मला काय हात नको झाले होते?"

"मग काय झालं ते सांगा."

"चार दिवस रजेवर होतो, आईचं ऑपरेशन होतं. मंगळवारी हजर झालो. थप्पी आत सरकवली, डाव्या हाताने आतून धरली, उजव्याने बाहेरून ठोकून सरळ करत होतो. कोपर उजव्या बटणाला लागलं. लागतंच हो, रोज लागतं! एकट्या बटणाने काही होत नाही. डाव्याला तर मी शिवलोही नव्हतो." त्याने बँडेजचा हात पुढे केला. "मग पातं खाली आलंच कसं?"

मला त्याची दया आली आणि रागही आला. कारण त्याने सांगितलेलं सगळं पाचरीशी तंतोतंत जुळत होतं. डाव्या बटणात पाचर असेल तर उजव्याला कोपर लागणं पुरेसं. गडी स्वतःच्या तोंडाने स्वतःची केस बुडवत होता.

तेवढ्यात दारातून एक धिप्पाड माणूस फळांची पिशवी घेऊन आला. बायको म्हणाली, "हा माझा दादा. कारखान्यात सुपरवायझर आहे. ह्यांना त्यानेच कामाला लावलं. आमच्याकडेच राहतो."

दादाचे डोळे लाल होते. "आईबाप गेले तेव्हा ही सात वर्षांची होती, मॅडम. मी वाढवली. आणि जावईबापूंची बोटं मीच बर्फात घालून दवाखान्यात नेली. जेवणाच्या डब्यात. डॉक्टर म्हणाले, नाही जोडता येत." तो खालीच बसला. "मंगळवार, बुधवार मी दवाखान्यातून हललो नाही. गुरुवारी पाचरीचं कळलं. आता काय बोलू? चूक केली त्यांनी, घाईत माणसं करतात हो. तुम्ही थोडं सांभाळून घ्या."

"मी चूक केलेली नाही, दादा," कटर म्हणाला.

दादाने मान फिरवली.

निघताना मी मोरीकडून गेले. दोरीवर एक निळा शर्ट निथळत होता. बायको त्याच्या खिशावर पुन्हा साबण चोळायला लागली. खिशात हिरवट डाग होता, टोकं चौकोनी.

"दादाचा," ती म्हणाली. "दवाखान्यातलं कसलं तरी औषध लागलंय. चार वेळा घासलं, जाईना. मागच्या वाढदिवसाला मी घेऊन दिला होता हो."

मी हूं केलं आणि चपला घातल्या. डोळ्यांपुढे शर्ट नाचत होता आणि मी कारखान्याचा पत्ता शोधत होते. चोवीस वर्षांच्या अनुभवाचे असे दिवे लागतात कधीकधी.

३

कारखान्यात शिरलं की आधी कात्रणं दिसतात. लांब, अरुंद कागदाच्या पट्ट्या; पिंपात, टेबलाखाली, पायाखाली. तिथे कात्रणाशिवाय कुणाचं पान हलत नाही. टेबल डुगडुगलं, लाव कात्रणाची घडी. खिडकी वाजते, कोंब कात्रण. पाचर करणं तिथे कुणालाही येत होतं. संशयितांची यादी करायची तर हजेरीपटच आणावा लागला असता.

मालक गोरटेले, घामाघूम. "मला त्या माणसाबद्दल वाईट वाटतं. पण नियम म्हणजे नियम. आणि मी तर बुधवारी गावातच नव्हतो, गुरुवारी सकाळी विमान उतरल्यावर थेट इथे आलो." तिकीट त्यांनी न मागता पुढे केलं. न मागता पुरावा देणारी माणसं मला आवडत नाहीत, पण तिकीट खरं होतं.

"मंगळवारनंतर मशीनला कोण शिवलं?"

"कोणी नाही. दोरी बांधून ठेवली होती. गुरुवारी आम्ही तिघांनी सोडली. मिस्त्रीला मी फाटकातून बरोबरच आत आणला, त्याआधी तो आठवडाभर इकडे फिरकला नव्हता."

मशीन भिंतीशी उभं होतं. मी चष्मा लावून बटणांखालच्या पत्र्याच्या झाकण्या पाहिल्या. चार स्क्रू. उजव्या झाकणीचे चारही काळपट, खाचांत कागदाची धूळ बसलेली. डाव्या झाकणीचे चारही लखलखीत.

"ही झाकणी कधी उघडली होती?"

"वर्षभरात नाही," मालक म्हणाले. "मिस्त्रीच्या वहीत नोंद असती."

सहा पावलांवर जुन्या, लहान मशीनवर एक म्हातारा कापत होता. सगळे त्याला गुरुजी म्हणत, कारण छापलेल्या प्रत्येक कागदातल्या चुका तो मोठ्याने वाचून दाखवी. त्याची दहाही बोटं गडद हिरवी होती.

"हे काय, गुरुजी?"

"वह्यांची मुखपृष्ठं. हा हिरवा फार हट्टी. छापल्यावर दोन-दोन दिवस वाळत नाही, हाताला लागतो. पण मालकांना घाई. बुधवारपासून मी हेच कापतोय."

हिरवा. माझ्या डोक्यात काहीतरी हललं, पण वर आलं नाही. त्याऐवजी दुसराच विचार आला: हा म्हातारा अपघाताच्या दिवशीही मशीनपासून सहा पावलांवर होता.

"नव्या मशीनवर तुम्हाला काम करायचं होतं म्हणे?"

गुरुजींनी पातं थांबवलं. "होतं. दोन वर्षांपूर्वी. त्याला दिलं, मला नाही दिलं. रागही आला होता. म्हणून काय मी त्याची बोटं कापीन?" मग आजूबाजूला पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "बाई, एक सांगू? तो रजेवर असताना, शनिवारी, त्या मशीनचं डावं बटण मेलं होतं. दाबलं तरी काही होत नव्हतं. दुपारपर्यंत मशीन बंद. आणि दुपारनंतर बघतो तर धडाधड चालू."

"दुरुस्त कोणी केलं?"

गुरुजी टेबलावरची कागदाची धूळ झटकायला लागले. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुढची थप्पी सरकवली आणि फक्त एवढंच म्हणाले, "मंगळवारची ती थप्पी मागच्या कोठीत आहे. कोणी हात लावेना म्हणून तशीच ठेवलीय. जाऊन बघा."

४

कोठीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली थप्पी होती. कडेला वाळलेलं रक्त. वर छपाई करणाऱ्या मशीनमनच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी: 'नमुना. एकच थप्पी. बाकी ओलं आहे, उद्या कापणे. मंगळवार, साडेदहा.'

मी गुरुजींना बोलावून घेतलं. "म्हणजे मंगळवारी कापायला एवढीच थप्पी आली होती?"

"एवढीच. मशीनवर चढवली आणि पहिल्याच कापाला ते घडलं. बाकीची सगळी मी बुधवारी कापली."

थप्पीची एकच बाजू कापलेली होती, ती कोरी पांढरी. समोरच्या कडेला बारीक चौकोनांची एक रांग छापलेली होती, गडद हिरव्यापासून फिक्या हिरव्यापर्यंत.

"हे चौकोन कशाला?"

"रंग नीट बसलाय का ते बघायला मशीनमन छापतो. शेवटच्या कापात ती कड उडते. तीच ही कात्रणं," गुरुजींनी पायाने पिंपाकडे दाखवलं.

मी पिशवीतून लिफाफा काढला. लाख फोडायचा अधिकार मला आहे, साहेबांना राग आला तर येऊ दे. दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, चिमट्याने दोरा सोडवला, घडी उलगडली. बाहेरून पांढरी. आतून हिरवी. बारीक चौकोनांची रांग, गडदपासून फिक्यापर्यंत.

मी ती पट्टी थप्पीच्या कडेवर ठेवली. चौकोनावर चौकोन बसला. पण थप्पीची ती कड शाबूत होती, एकही कागद कमी नव्हता.

 मंगळवारी पावणेअकराला हे कात्रण जगात अस्तित्वातच नव्हतं. ते बुधवारी तयार झालं. बोटं गेल्यावर चोवीस तासांनी कोणीतरी ते पिंपातून उचललं, पाचर केली आणि डाव्या बटणात ठोकली.

कटर खरं बोलत होता. आणि कोणीतरी त्याला पद्धतशीर बुडवत होतं.

५

कोण? बाहेर पायरीवर बसून मी हिशेब जुळवला. मालक बुधवारी गावाबाहेर. मिस्त्री गुरुवारपर्यंत फिरकला नाही. राहिले गुरुजी. पण गुरुजींची बोटं बुधवारी हिरवीगार होती. त्यांनी घडी घातली असती तर पांढऱ्या बाजूवर ठसे उमटले असते. पाचर बाहेरून स्वच्छ होती. ती करणाऱ्याचे हात स्वच्छ होते; तो त्या दिवशी कामावर नव्हता.

कामावर नसलेला, तरी आत येऊ शकणारा. स्क्रू उघडू शकणारा. शनिवारी मेलेलं बटण कसं चालू झालं ते ठाऊक असलेला.

आणि मग तो डाग वर आला. चौकोनी टोकांचा, हिरवट, खिशातला. औषध! कुठलं औषध चौकोनी सांडतं? मी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, त्या घरी पुन्हा गेले. दादा कामावर गेला होता. मोरीतली दोरी रिकामी होती.

"काल इथे निळा शर्ट होता," मी म्हणाले.

बायको भांडी घासत होती. तिचा हात थांबला, पण तिने वर पाहिलं नाही.

"कुठला शर्ट, मॅडम?"

मी तिला सगळं सांगितलं. कात्रण, थप्पी, बुधवार. आवाज वाढवला नाही. ती ऐकत होती आणि एकच पातेलं घासत होती.

"उद्या अकराला सुनावणी आहे," मी शेवटी म्हणाले. "पाचर नंतरची आहे हे मी सिद्ध करीन. पण ती कोणी घातली हे सिद्ध झालं नाही, तर मालकांचा वकील म्हणेल की मंगळवारीही एक पाचर होती, ती पडली, कुणीतरी दुसरी बसवली. प्रकरण वर्षानुवर्षं लोंबकळेल."

"तो माझा भाऊ आहे," ती म्हणाली. 



६

बुधवारी माझ्या खोलीत सगळे बसले होते. मालक आणि त्यांचा वकील, गुरुजी, कटर, आणि त्याच्या शेजारी, खांद्यावर हात ठेवून, दादा. बायको आली नव्हती.

मी थप्पी टेबलावर ठेवली. चिठ्ठी वाचली. पट्टी कडेवर ठेवून दाखवली. मालकांनी खिशातून रुमाल काढला.

"आता डावी झाकणी," मी म्हणाले. "स्क्रू नुकतेच फिरवलेले आहेत, दोनदा. शनिवारी डावं बटण बिघडलं. नवा भाग यायला वेळ होता आणि काम अडलं होतं. कोणीतरी झाकणी उघडून आतल्या वायरी एकमेकींना जोडून टाकल्या. त्या क्षणापासून मशीन एकट्या उजव्या बटणावर चालायला लागलं. सगळ्यांना ठाऊक होतं. रजेवर असलेल्याला सोडून. मंगळवारी त्याचं कोपर लागलं. आणि बुधवारी त्याच माणसाने वायरी सोडवल्या, तोवर आलेलं नवं बटण बसवलं, आणि पातं का पडलं याला कारण हवं म्हणून पाचर ठोकली."

"नाव घ्या," वकील म्हणाला.

"सुपरवायझर."

कटरने खांद्यावरच्या हाताकडे पाहिलं.

"मॅडम, तुम्ही काय बोलताय!" दादा उठला. "मी दवाखान्यात होतो बुधवारी. विचारा यांना! ते कात्रण मी डोळ्याने पाहिलं नाही. पुरावा आहे काही?"

वकील हसला. माझ्याकडे पुरावा नव्हता. 

दार उघडलं. बायको आत आली. हातात कापडी पिशवी. ती सरळ टेबलाशी आली, निळा शर्ट काढला, खिसा उलटा केला. आतल्या कापडावर पाच चौकोन उमटले होते. चार वेळा घासूनही, गडदपासून फिक्यापर्यंत.

"दवाखान्यात हा बुधवारी होता," ती म्हणाली. "पण संध्याकाळी पाच ते सात नव्हता. अंघोळ करून येतो म्हणाला. घरी आला नाही, मी डबा आणायला घरीच आले होते."

मी पट्टी खिशावर ठेवली. वकिलाने पेन बंद केलं.

दादाने शर्टाकडे पाहिलं. मग मटकन बसला. "मालक फोनवर ओरडत होते, माल आजच पाहिजे म्हणून. दोन दिवसांचा प्रश्न होता. मंगळवारी मी सांगणारच होतो यांना. मालकांचा फोन आला म्हणून बाहेर गेलो, पाच मिनिटं. तेवढ्यात हे येऊन उभे राहिले." त्याने दोन्ही हातांनी चेहरा पुसला. "मला तुरुंगाची भीती वाटली. वाटलं, नोकरी राहिली तर मी पोसीन सगळ्यांना. जन्मभर पोसीन."

"वायरी जोडायला मी नव्हतं सांगितलं," मालक घाईघाईने म्हणाले.

"तुम्ही काम चालू करायला सांगितलं होतं," मी म्हणाले. "ते मी वेगळं लिहिणार आहे. बसा."

 कटरने बँडेजचा हात मांडीवर घेतला आणि दादाकडे वळून हळूच म्हणाला, "नुसतं म्हणायचं होतंत, दादा, की बटण बंद आहे. मी बाजूला उभा राहिलो असतो."

दादा ओक्साबोक्शी रडायला लागला. बहिणीने त्याच्याकडे पाहिलं नाही, पण ती लांबही गेली नाही.

मी निकाल तिथेच लिहिला: कामगाराचा दोष नाही, भरपाई पूर्ण. सगळे बाहेर गेले. ती थांबली.

"शर्ट फायलीला लागेल ना?"

"लागेल. परत मिळायला वेळ जाईल."

"मग त्याची पावती द्या."

मी पावतीपुस्तक ओढलं. "वस्तूचं वर्णन काय लिहू?"

तिने खिसा पुन्हा आत सरकवला, शर्टाची नीट घडी घातली, इस्त्रीच्या कपड्यांची घालतात तशी, आणि माझ्यापुढे ठेवला.

"लिहा," ती म्हणाली, "माझ्या दादाचा शर्ट."